ड्रायव्हर सापडत नाही

कळमन्याच्या धर्मकाट्यावर सकाळपासून वजन उमटत नाही.
काट्याला कळतंय, ट्रक उभा आहे.
भिंतीवरच्या लाल आकड्यांनाही कळतंय.
फक्त कॉम्प्युटरला कळत नाही,
आणि पावती तो छापतो.

मेंढेबाबू फोनवर एवढंच बोलले होते,
"टेकचंद, लवकर ये. भिवापूरची मिरची आहे, अकरा गाड्या."
मी पोचेस्तोवर सतरा झाल्या.
केबिनमध्ये शिरताच तीन शिंका.
इथला कीबोर्डसुद्धा तिखट,
काही झालं तरी डोळ्याला बोट लावायचं नाही.

पिवळं उद्गारचिन्ह. कोड दहा.
"काय झालं?"
"ड्रायव्हर बिघडला."
दारातला माणूस दचकला,
गमछ्यानं तोंड पुसत म्हणाला,
"मी त ठीक आहो नं भाऊ.
रातभर झोपलो नाही, पण ठीक आहो."

माउसनं तीनदा करून पाहिलं.
काढला, टाकला, बंद करून चालू केला.
दर वेळी तेच उत्तर,
सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे.
असं म्हणणाऱ्याशी वाद घालायचा
तर काळी खिडकीच लागते.

उघडली. हुकूम दिला.
परवानगी नाकारली.
मी कोण, ते सांगायचं राहिलं होतं.
बंद केली, परत उघडली, प्रशासक म्हणून.
बारावीत दोनदा बसलेला प्रशासक.

मग यादी मागितली.
काळ्यावर पांढरी, वर वर सरकत गेली,
या टेबलाशी कधीतरी जोडलेलं सगळं.
ओईएम तीन, रिबनवाला प्रिंटर, भंगारात गेलेला.
ओईएम नऊ, फॅक्स.
ओईएम अकरा, वेबकॅम.
वेबकॅम? काट्यावर?

मेंढेबाबू बाहेर बघत राहिले.
"लॉकडाऊनमध्ये पोरगी इथं बसून पेपर देऊन राहिली होती.
नेट इथंच होतं नं.
मागून ट्रकचे हॉर्न.
मॅडम विचारे, बाळा, तू रस्त्यावर आहेस का?"
"पास झाली?"
"पुण्यात आहे आता," म्हणाले,
आणि पंख्याचं बटण उगाच बंद करून चालू केलं.
अकरा मी राहू दिला.

तेवीस. हा तो.
काल रात्री अडीच वाजता स्वतःहून आलेला,
नवा, सही-शिक्क्याचा.
त्याला ही निळी तार मंजूर नाही.
तारेतली चिप नकली आहे म्हणतो.
असेल.
सीताबर्डीच्या फुटपाथवर एकशेऐंशीला मीच घेतली होती.
पण सहा वर्षांत एका पोत्याचंही खोटं बोलली नाही ती.

टाईप करतो. डिलीट-ड्रायव्हर, ओईएम तेवीस, अनइन्स्टॉल, फोर्स.
एक टिंब सुटलं. फाईल सापडली नाही.
पुन्हा.
शेवटचा शब्द लिहिताना हात जरा थांबतो,
जबरदस्तीनं, असंच लिहावं लागतं त्याला.
गेला.

पेनड्राइव्हवरून जुना आणला, सन चौदाचा,
जो चिपची जात विचारत नाही.
जोडला. बसवला. अपडेटला कडी घातली.
टुंग, असा आवाज आला
आणि बाहेर कोणीतरी उगाच टाळी वाजवली.

तपासायला काट्यावर मीच चढलो, पिशवी खाली ठेवून.
पडद्यावर साठ.
"मी त्रेसष्ट आहे," मी ओरडलो.
"काटा दहा-दहानं मोजते," खिडकीतून मेंढेबाबू,
"वरचे तीन सोडून देते."

चार ओळींचे पाचशे? यावर थोडं झालं.
साडेतीनशे आणि एक चहा.
गमछावाला गाडी चढवता चढवता विचारतो,
"झाला का बरा, तुमचा ड्रायव्हर?"
झाला, म्हटलं. तू आता झोप.

चिखली चौकात सिग्नलला पुन्हा शिंक आली.
डोळ्याला बोट लावलंच शेवटी.
पाणी काही केल्या थांबेना,
मागचे हॉर्न मारत होते,
मी तिथंच, हिशेबात न धरलेल्या
तीन किलोंसकट.